कंपाची दांडी

माणसाने खोटं बोलावं, हरकत नाही. पण जे खरं करून दाखवायला लाकूड पोखरावं लागेल असलं खोटं बोलू नये. इल्पो पेल्टोला असलं खोटं बोलला ते पन्नाशी उलटल्यावर, आणि तेही बाँबहल्ल्यापासून बचावासाठी बांधलेल्या तळघरात.

आमच्या सोसायटीच्या इमारतीखाली असं एक तळघर आहे. भिंती हातभर जाड, दार बँकेच्या तिजोरीला लाजवील असं. लढाई सुरू होईपर्यंत या खोलीचं करायचं काय, हा प्रश्न फिनलंडातल्या प्रत्येक सोसायटीला पडलेला असतो. आमच्या सोसायटीने तिथे जुन्या स्की, मोडक्या बाबागाड्या आणि इल्पोचा बँड ठेवला. दोन गिटारी, एक बास, एक ड्रम आणि ते वाजवणारे चार घोडे. गाणारा कोणी नाही, कारण या संगीतात गाणं गिटारच म्हणते. एकाने एकेक तार छेडत धून वाजवायची आणि दुसऱ्याने मागे चार बोटांनी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक सूर, दाबून उभं राहायचं. धून इल्पोची, कॉर्ड ऑस्मोच्या. शाळेत मिसरूड फुटायच्या आधी ही वाटणी झाली, आणि तिच्यावर पुन्हा चर्चा करावी असं कोणाला वाटलं नाही. निदान इल्पोला तरी नाही.

तर एका मंगळवारी ऑस्मो नवी गिटार घेऊन आला. तांबडी, चकचकीत, आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीतून एक वाकडी लोखंडी दांडी बाहेर आलेली. त्याने इल्पोचीच धून वाजवली, ‘शेवटची होडी’. शेवटच्या सुरावर आला आणि त्याने ती दांडी हलकेच दाबली. सूर खाली वाकला, थरथरला, हुंदका देऊन परत वर आला.

ड्रमवाला तैस्तो म्हणाला, "बरं आहे." आमच्याकडे याहून मोठी शाबासकी फक्त मयताला मिळते.

मग इल्पोने तोच सूर आपल्या गिटारवर वाजवला. तो नुसता आला आणि गेला, कारकुनासारखा.

"मी काय म्हणत होतो," ऑस्मो म्हणाला, "यंदा युहान्नुसच्या नाचाला धून मी वाजवली तर? कॉर्ड हल्ली जरा..."

"काही गरज नाही," इल्पो म्हणाला. "मी माझ्या गिटारला दांडी बसवतोच आहे."

"बसवतोयस?"

"काम सुरू आहे."

काम सुरू नव्हतं. काम असतं याचाच इल्पोला पाच मिनिटांपूर्वी पत्ता नव्हता. पण त्याची बाजूही समजून घ्या. इल्पो जमीन मोजणी खात्यात होता. दिवसभर लोकांच्या बांधावर उभा राहायचा आणि दोन्हीकडच्या शिव्या खायचा. घरात टीव्हीवर काय लावायचं हे हेल्का ठरवायची. साऱ्या वर्षात, युहान्नुसला, म्हणजे जूनच्या त्या मोठ्या सणाला, तळ्याकाठच्या नाचघरात ‘शेवटची होडी’ चालू असेल तेवढा वेळच काय तो इल्पो पुढे उभा राहायचा आणि बाकीचे त्याच्या मागे. ती जागा गेली असती तर त्याला एक पाऊल मागे सरकावं लागलं असतं, आणि एवढं एक पाऊल सरकणं त्याच्या जिवावर आलं होतं.

"सरळ नवी घे ना," हेल्का म्हणाली.

"नवी घेतली तर ऑस्मोला वाटेल, त्याचं बघून घेतली."

"मग दांडी कोणाचं बघून बसवतोयस?"

इल्पो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

सामान पार्सलने आलं. एक पोलादी घोडी, मूठभर स्प्रिंगा, स्क्रू, दांडी, आणि एक कागद. इल्पोची कल्पना अशी, की जुनी घोडी चार स्क्रू काढून उचलायची, नवी चार स्क्रू मारून बसवायची आणि कॉफी प्यायची. कागदावर एक आकृती होती आणि खाली एकच वाक्य: आकृतीप्रमाणे लाकूड काढावे.

आता ही गिटार म्हणजे अंगभर भरीव बर्चचं लाकूड. पोटात पोकळी नाही, छातीला भोक नाही. नवी घोडी असते सी-सॉसारखी डुलणारी. वरून तारा तिला एका बाजूला ओढतात, खालून स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला ओढतात, आणि त्या स्प्रिंगा राहतात गिटारच्या पाठीत. म्हणजे पाठीत एक खोली खणायची आणि तिथून पोटापर्यंत आरपार भुयार काढायचं. इल्पोने गिटार उलटी करून तिच्या पाठीवरून हात फिरवला. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर फिरवतात तसा, फरक एवढाच की डॉक्टरला पुढचं ठाऊक असतं.

नेमकी त्याच आठवड्यात शनिवारी सोसायटीची वसंतातली अंगणसफाई होती. सगळ्यांनी दाताळी घेऊन हिवाळ्याचा पाचोळा ओढायचा आणि मग शेकोटीवर सॉसेज भाजून खायचे. वर्षभर जिन्यात समोर आलं तर भिंतीकडे बघणारी माणसं हातात सॉसेज आलं की सल्ला देऊ लागतात. इल्पोने चूक केली; त्याने विषय काढला.

"पटाशीने कोर," पहिल्या मजल्यावरचे म्हणाले.

"पटाशीने लाकूड चिरतं. ड्रिल मार, शेजारी शेजारी भोकं पाड आणि मधलं उडव," दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले.

"माझ्या आजोबांनी अख्ख्या ओंडक्यातून होडी कोरली," तळमजल्यावरचे आजोबा म्हणाले. "निखारे ठेवायचे आणि फुंकर मारायची."

"होडीला सूर लावायचा नसतो आजोबा."

"पण ती बुडायला नको असते. तुझी वाकडी झाली तर कोण बुडणारे?"

यावर सगळ्यांनी मान डोलावली. मग सोसायटीच्या अध्यक्षा केर्तूबाई, ज्यांच्या परवानगीशिवाय आमच्या अंगणात डँडेलियनसुद्धा उगवत नाही, त्यांनी निकाल दिला. "हे बघा पेल्टोला, चित्र टांगायला भोक पाडता येतं, असा नियम आहे. सुतारकाम करता येत नाही. तुम्ही प्रौढांच्या शिक्षण केंद्रात जा. तिथे यंत्रं आहेत, आणि ती माझ्या डोक्यावर नाहीत."

शिक्षण केंद्राच्या खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. त्यांनी नम्रपणे विचारलं, काय बनवणार.

"गिटार. म्हणजे बनलेली आहे. तिला भोक पाडायचंय."

"दुरुस्तीचा वर्ग भरला. वाद्यं बनवायचा वर्ग आहे, कान्तेलेचा. थांबा, विचारते." कान्तेले म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं आमचं जुनं तंतुवाद्य. त्याचे गुरुजी आतल्या दारातून डोकावले. त्यांनी इल्पोच्या गिटारकडे पाहिलं.

"वीज लागते का हिला?"

"लागते."

"मग नाही," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. रागाने नाही हो, थंडी आत येऊ नये म्हणून लावतात तसं.

बाईंनी पेन्सिल दातात धरून विचार केला. "घरी ही भिंतीला टांगता का तुम्ही?"

"कधी कधी टांगतो."

"मग ही फळी झाली. भिंतीवरच्या फळ्या आणि लहान फर्निचर, या वर्गात जागा आहे." आणि इल्पो पेल्टोला, जमीन मोजणी खाते, याने स्वतःच्या सहीने आपली गिटार फळी असल्याचं लिहून दिलं.

फळ्यांचे मास्तर याल्मारी फार शांत गृहस्थ. लोक काय बनवतात याचं नवल वाटणं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्यांनी गिटार हातात घेतली, वजन पाहिलं, म्हणाले, "जड फळी आहे."

"हो."

"या खुंट्या कशाला?"

"शोभेला."

"पुसायला त्रास होईल," मास्तर म्हणाले आणि त्यांनी लाकूड कोरायचं राउटर मशीन चालू करून दिलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. बोटभर जमिनीवरून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले असताना इल्पोने शांतपणे मोजणी करून त्यांना घरी पाठवलंय. मापात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, आणि हे तो स्वतः सांगत नसे, दुसऱ्याकडून वदवून घेत असे. त्याने प्लायवुडचा साचा कापला. तीनदा मोजला. साचा पुढून लावून भुयाराच्या रेघा मारल्या आणि भुयार पाडलं, अगदी कागदात होतं तसं. मग गिटार उलटी केली, तोच साचा पाठीवर ठेवला आणि खोली खणली. गिटार उलटी केली हे बरोबर. साचाही उलटायचा असतो, हे राहिलं.

खोली एकीकडे निघाली आणि भुयार दुसरीकडे. दोघांची कुठेतरी कोपऱ्यात ओझरती भेट होत होती.

इल्पो बराच वेळ त्या भोकात बघत राहिला. मास्तरही आले आणि बघत राहिले. शेवटी म्हणाले, "फळी म्हणून चालेल."

चुकीच्या भोकात बर्चचा ठोकळा ठोकायचा, सरसाने चिकटवायचा, आणि पूर्ण वाळल्यावर पुन्हा नव्याने खणायचं, असं ठरलं. सरस वाळायला ऊब हवी. मे महिन्यात सोसायटी घरं गरम करणं बंद करते, कारण नियमात उन्हाळा लागलेला असतो. बाहेर बर्फ आहे की नाही हा वेगळा मुद्दा. पण लाकूड वाळवायचं म्हटलं की आमच्या माणसाला जे सुचतं तेच इल्पोला सुचलं. तळमजल्यावर सोसायटीची सौना आहे, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली. प्रत्येक घराला आठवड्यातून एकदा तासभर मिळते. इल्पो-हेल्काची वेळ मंगळवारी सर्वांत शेवटची, आणि बुधवारी सौनाला सुट्टी. म्हणजे मंगळवारी आपलं अंग भाजून झालं, शेगडी बंद झाली, की बाकं सकाळपर्यंत कोमट राहतात, कोरडी होतात, आणि बुधवारभर तिकडे कोणी फिरकत नाही. इल्पोने गिटारचं विजेचं सामान आधीच काढून ठेवलं होतं. मान काढायचा मात्र कंटाळा केला. गिटारला टॉवेलमध्ये नीट गुंडाळून वरच्या बाकावर निजवली आणि स्वतःच्या अकलेवर खूश होऊन तो झोपला.

त्या आठवड्यात गुरुवारी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी होती. सुट्टी आली की तिच्या आदल्या संध्याकाळी सौना, ही आमची रीत. म्हणून गुरुवारची बायकांची सामायिक वेळ सरकून बुधवारी आली होती. हे सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. इल्पोच्या डोक्यात मात्र तेव्हा फक्त सरस होता.

बुधवारी तो ऑफिसातून आला तेव्हा सौनाच्या दारावरचा लाल दिवा लागलेला. आतून तापलेल्या दगडांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज आला. इल्पो ब्रीफकेस टाकून धावला, दारापाशी मात्र थबकला. आत बायका. त्याने हळूच टकटक केलं.

"कोण आहे?" केर्तूबाईंचा आवाज.

"मी, पेल्टोला. माझी गिटार आहे आत."

"हो, आहे."

"ती बरी आहे ना?"

आत थोडी कुजबुज झाली. "काही बोलत नाहीये," केर्तूबाई म्हणाल्या.

"जरा बाहेर देता का?"

"आमची वेळ संपली की."

"हेल्का आहे का आत?"

"आहे," हेल्काचा आवाज आला. "मला वाटलं तू मुद्दाम ठेवलीस."

"मुद्दामच ठेवली. पण थंड सौनात ठेवली."

"थंड सौनात कोण काय ठेवतं?" केर्तूबाईंनी विचारलं, आणि पुन्हा चर्र.

इल्पो तिथेच बाकड्यावर बसून राहिला. जिन्यावरून येणारे जाणारे बघत होते. सॉक्स घातलेला, टाय लावलेला मनुष्य बायकांच्या सौनाबाहेर डोकं धरून बसलेला पाहून काय समजायचं ते समजत होते. विचारलं कोणी नाही, आमच्याकडे विचारत नाहीत. त्याच्या जिव्हारी लागलं ते हेच.

रात्री जेवताना हेल्काने हकिकत सांगितली. आत गेल्यावर सगळ्यांनी ती टॉवेलात गुंडाळलेली आकृती पाहिली. हलवायची का, असं एकीने विचारलं. केर्तूबाई म्हणाल्या, ज्याने ठेवली त्याला ठेवायचं कारण असेल, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये. मग सगळ्या तिच्यासाठी कोपरा सोडून दाटीवाटीने बसल्या.

"आणि तू?"

"मी मध्ये बसले होते. तिला थेट वाफ लागू नये म्हणून."

"मग उचलून खाली ठेवायचीस."

"सगळ्यांसमोर? वेळ माझी एकटीची थोडीच होती."

गिटार वाचली. म्हणजे मेली नाही. रंगाला फोड आले, खुंट्यांची प्लॅस्टिकची टोकं वितळून माना टाकून बसली, आणि तिला जो साबणाचा वास लागला तो पुढे गेलाच नाही. ठोकळा मात्र असा घट्ट बसला होता की मास्तरांनी हातोडी मारून पाहिली आणि आदराने बाजूला ठेवली. इल्पोने साचा उलटून, सुलटून, पुन्हा उलटून नवी खोली खणली. ती भुयाराला बरोबर भेटली. त्या दिवशी त्याने मास्तरांना मिठी मारली असती, पण आमच्याकडे तेवढ्यासाठी निदान युद्ध संपावं लागतं.

तारा चढवायच्या तोवर केंद्राचं वर्षअखेरचं प्रदर्शन आलं. वर्गात बनलेली प्रत्येक वस्तू मांडायची, हा नियम. नाहीतर पुढच्या वर्षी प्रवेश नाही. इल्पोला पुढच्या वर्षी फळ्या करायच्या नव्हत्या, पण नियम मोडायची त्याची हिंमत नव्हती. भिंतीला गिटार लटकली, पाठ बाहेर करून, आणि खाली पाटी: ‘भिंतीवरची फळी, बर्च. इ. पेल्टोला’. एका आजीबाईंनी स्प्रिंगांच्या खोलीत आपला चष्मा ठेवून पाहिला. म्हणाल्या, "सोय चांगली आहे, पण एवढ्या मोठ्या लाकडात एवढीच?"

आणि नेमका ऑस्मो आला. त्याची बायको विणकामाच्या वर्गाला होती. त्याने पाटी वाचली, गिटार पाहिली, पुन्हा पाटी वाचली. इल्पोला वाटलं जमीन फाटावी आणि तिची मोजणी दुसऱ्या कोणीतरी करावी.

"काम सुरू आहे म्हणायचं," ऑस्मो म्हणाला.

"संपत आलंय."

ऑस्मोने तो ठोकळा अंगठ्याने चाचपून पाहिला. "बरीच मेहनत घेतलीस. इल्पो, तुला एक सांगायचं होतं. धुनेचं मी जे म्हणालो ना..."

"युहान्नुसपर्यंत होतंय," इल्पो घाईने म्हणाला. "तू काळजी करू नको." आणि फोटोसाठी सगळ्या फळीकारांनी उभं राहावं म्हणून मास्तरांनी हाक मारली.

दांडी बसवायचा मुहूर्त लागला तो गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे घरोघरी वाटाण्याचं पिवळं सूप. हेल्का पातेलं ढवळत होती, इल्पो स्वयंपाकघराच्या टेबलावर पक्कड घेऊन स्प्रिंग ओढत होता. स्प्रिंगला ओढून हुकाला अडकवायचं, एवढंच. ती अडकली नाही. ती सुटली, दिव्याला आपटली आणि सूपात पडली.

"आता हे खायचं का?" हेल्काने विचारलं.

"स्प्रिंग सापडेपर्यंत खावं लागेल," इल्पो म्हणाला. ती सापडली, इल्पोच्याच वाडग्यात.

स्प्रिंगा बसल्या, तारा चढल्या, आणि मग सूर लावायला बसल्यावर खरी गंमत कळली. डुलती घोडी म्हणजे सोसायटीची सभा. एकाला वर चढवलं की बाकीचे आपोआप खाली जातात. पहिली तार सुरात आली की सहावी रुसायची, सहावीची समजूत काढली की तिसरी ढेपाळायची. कोमेजलेल्या खुंट्या पिळून पिळून इल्पोच्या बोटांना घट्टे पडले. शेवटी केव्हातरी सहाही जणी एकदम सुरात आल्या. इल्पोने श्वास रोखून ‘शेवटची होडी’चा शेवटचा सूर छेडला आणि दांडी दाबली.

सूर वाकला, थरथरला, हुंदका देऊन वर आला. हेल्का दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातला डाव तसाच राहिला होता.

युहान्नुसच्या संध्याकाळी पाऊस थांबला आणि डास आले, म्हणजे सगळं रीतसर होतं. तळ्याकाठचं नाचघर भरलं. जोड्या गंभीर चेहऱ्याने गोल फिरत होत्या. आमच्याकडे नाचताना हसणारा माणूस प्यायलेला आहे असं समजतात. बँड उभा राहिला. इल्पो पुढे, फोड आलेली, साबणाच्या वासाची गिटार घेऊन. मागे ऑस्मो, तांबडी चकचकीत गिटार घेऊन, तिच्यावर नुसत्या कॉर्ड दाबत.

‘शेवटची होडी’ पहिल्या भागाच्या शेवटी होती. इल्पोने वाजवली. शेवटच्या सुरावर दांडी दाबली आणि तो सूर नाचघराच्या उघड्या खिडक्यांतून तळ्यावर गेला. जोड्या थांबल्या. एका म्हातारबुवांनी टोपी काढली, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. इल्पोला वाटलं, सारा वसंत वसूल झाला. तो आनंदाने मागे वळला, ऑस्मोचा चेहरा बघायला. खरं सांगायचं तर तो पडलेला बघायला.

ऑस्मोचा चेहरा पांढरा पडला होता. तो डावा हात कोटाच्या खिशात घालत होता, आणि तो हात खिशात नीट जात नव्हता.

तेव्हा इल्पोच्या कानांना मघापासूनचं काहीतरी उशिरा ऐकू आलं. मागून येणाऱ्या कॉर्ड आज विरळ होत्या. सहा तारांच्या जागी दोनच वाजत होत्या, कधी तर एकच.

मधल्या सुट्टीत दोघं नाचघरामागे सॉसेज घेऊन उभे होते. ऑस्मोने मोहरीच्या बाटलीचं झाकण फिरवलं, फिरलं नाही, आणि त्याने ती सहज केल्यासारखी इल्पोपुढे धरली. इल्पोने झाकण उघडलं. ते सैलच होतं.

"कधीपासून?" इल्पोने विचारलं.

"शरदापासून. एकेक बोट चालतं. चारही एकदम दाबायची म्हटलं की आग होते." ऑस्मो तळ्याकडे बघत होता. "डॉक्टर म्हणतात सांध्यांचं आहे. आता हे असंच राहायचं."

"मग धून मागत होतास ती..."

"एका वेळी एकच बोट लागतं ना धुनेला. दांडीवाली घेतली ती वाटलं, बोटांत नाही राहिलं ते दांडीत मिळेल."

"मला सांगायचंस."

"दोनदा सांगायला लागलो होतो." ऑस्मोने सॉसेजचा घास घेतला. "तू म्हणालास, काम सुरू आहे."

सारा वसंत इल्पोने लाकूड पोखरलं, फळीचा बाप झाला, बायकांच्या सौनाबाहेर बसला, आणि हे सगळं कोणाविरुद्ध, तर ज्याला मोहरीची बाटली उघडता येत नाही त्याच्याविरुद्ध. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डास चावत होते तेही त्याने मारले नाहीत.

"दुसऱ्या भागात धून तू घे," तो म्हणाला. "‘होडी’सुद्धा. लोक परत मागतीलच."

"आणि तू?"

"कॉर्ड."

"त्या गिटारवर?" ऑस्मो पहिल्यांदा हसला. "अरे डुलती घोडी ती. कॉर्ड जोरात हाणलीस की सगळ्या तारा बेसूर होतील. कॉर्डच्या माणसाला दांडीचा काडीचा उपयोग नाही."

"माहीत आहे," इल्पो म्हणाला, जरी ते त्याला आत्ताच कळलं होतं.

दुसऱ्या भागात ऑस्मो पुढे उभा राहिला आणि इल्पो एक पाऊल मागे सरकला. कॉर्ड वाजवताना दांडी बाहीत अडकू लागली, म्हणून त्याने ती पिळून काढली आणि खिशात टाकली. लोकांनी ‘होडी’ मागितली. ऑस्मोने सुरू केली, एकेक बोट जपून ठेवत, आणि दुसऱ्याच वळणावर इल्पो अडला. जी धून तो शाळेपासून वाजवत आला होता तिच्याखाली कोणत्या कॉर्ड असतात हे त्याला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तो त्यांच्यावर उभा होता, खाली कधी बघितलंच नव्हतं.

ऑस्मो न वळता, ओठ न हलवता प्रत्येक कॉर्डचं नाव सांगू लागला. इल्पो चार बोटांनी ती शोधायचा, दाबायचा, तोवर पुढचं नाव यायचं. किती होत्या त्या. त्याच्या बोटांची टोकं सोलवटून निघाली.

"आता?" त्याने हळूच विचारलं.

"आता शेवटची. ही धर."

ऑस्मोने शेवटचा सूर छेडला आणि दांडी दाबली.

"किती वेळ धरू?"

"मी संपेपर्यंत," ऑस्मो म्हणाला, आणि इल्पोने धरून ठेवली.